घुबडं-वटवाघळांचं वेड लागलेली मुलगी, धास्तावलेली आजी आणि वाढदिवसाची भेट

तुम्ही विचारलेलं थोडक्यात असं: साताऱ्याकडे तालुक्याच्या गावी घर, मागे परसू, कुंपणापलीकडे जुनी चिंच. मुलगी दहा वर्षांची, धाकटा सहाचा. मुलीला घुबड, वटवाघूळ, काळमांजर असल्या निशाचर प्राण्यांचं वेड लागलंय आणि येत्या वाढदिवसाला तिला शुगर ग्लायडर हवाय. सासूबाईंना चिंचेवरचा पिंगळा अशुभ वाटतो. मुलीच्या बाबांना वाटतं, या नादात झोप आणि अभ्यास दोन्ही जाणार. घरातल्या सगळ्यांना धरून हा छंद जोपासता येईल का, आणि सुरुवात कुठून करायची?

जोपासता येईल, आणि फार चांगला जोपासता येईल. शाळकरी मुलांना आणि त्यांच्या पालकांना घेऊन रात्रीच्या निरीक्षणाला जाणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. त्यातून एक मत पक्कं झालंय: निशाचर प्राण्यांची आवड त्यांना घरात आणून टिकत नाही. घरातली माणसं ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी जाऊन गप्प बसायला शिकली की ती टिकते. तुमच्याकडे चिंच आहे, परसू आहे, भिंतीवर दिवा आहे. पहिली दोन वर्षं याहून जास्त काही लागणार नाही.

आधी शुगर ग्लायडरचं. हा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचा, झाडाझाडांवरून तरंगत जाणारा, पिशवीवाला छोटा प्राणी. तो कळपाने राहतो. एकटा ठेवला तर खंगतो, स्वतःचेच केस ओरबाडतो. तरंगायला त्याला झाडांमधली मोकळी जागा लागते आणि आपण त्याला पिंजरा देतो. डिंक, मधुरस, किडे असा त्याचा आहार सांभाळणं जिकिरीचं असतं. तो दहा वर्षंही जगू शकतो, म्हणजे तुमची मुलगी कॉलेजात गेल्यावर त्याचं सगळं तुम्हालाच करावं लागेल. तालुक्याच्या गावात त्याच्या आजारांची माहिती असलेला पशुवैद्य मिळणं कठीण. शिवाय मुलगी जागी असताना तो झोपलेला आणि ती झोपल्यावर तो जागा. हॅमस्टरचंही तेच. मूल दुपारी त्याला उठवून हातात घेऊ पाहतं, तो चावतो, आणि महिन्याभरात दोघंही एकमेकांना कंटाळतात. मी दोन्हींना स्पष्ट नाही म्हणतो.

आपल्याकडचं घुबड, काळमांजर किंवा साळिंदर पाळण्याचा तर प्रश्नच येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहे. 'मांडूळ ठेवलं की पैसा येतो' असं सांगून फसवणाऱ्या टोळ्या आपल्या भागात आहेत. मांडूळही निशाचर, निरुपद्रवी आणि कायद्याने संरक्षित साप आहे, हे मुलीला आत्ताच कळलेलं बरं.

आता चिंचेकडे वळू. सासूबाईंना ज्याची धास्ती वाटते तो पिंगळा म्हणजे जेमतेम २१ सेंटिमीटरचं, करड्या अंगावर पांढरे ठिपके असलेलं घुबड. माणसाच्या वस्तीला सरावलेलं. ढोली असलेलं जुनं झाड मिळालं की पिंगळ्यांची जोडी वर्षानुवर्षं तिथेच राहते. म्हणजे तुमची जोडी बहुधा तुमच्या मुलीआधीपासून तिथे असेल. सूर्य मावळला की दोघं ढोलीतून बाहेर येतात, फांदीवर शेजारी बसतात आणि एकच कलकलाट करतात. त्यात अभद्र काही नाही. ती त्यांची हद्द सांगण्याची रीत आहे. नंतर ती दिव्याच्या खांबावर, तारेवर बसून किडे, पाली, उंदराची पिल्लं टिपतात.

मुलीला एक गोष्ट मुद्दाम दाखवा. पिंगळा तुमच्याकडे बघताना डोकं वर-खाली, डावी-उजवीकडे झुलवतो. घुबडाचे डोळे नळीसारखे लांबट असतात आणि खोबणीत घट्ट बसलेले असतात. आपल्यासारखे ते फिरवता येत नाहीत. म्हणून मान फिरते, जवळजवळ २७० अंशांपर्यंत. आपल्या मानेत ७ मणके, घुबडाच्या मानेत १४. डोकं झुलवून तो समोरची वस्तू वेगवेगळ्या कोनांतून बघतो आणि अंतराचा अंदाज घेतो. हे एकदा समजलं की मुलं तासभर कंटाळत नाहीत. हिवाळ्यात जोडी अंड्यांवर बसते आणि उन्हाळा लागता लागता पिल्लं ढोलीच्या तोंडाशी दिसू लागतात. त्या दिवसांत झाडापासून लांब, अंगणातूनच बघा. मोबाइलवर पिंगळ्याचा आवाज लावून त्याला बोलावण्याचा मोह अनेकांना होतो. तो कटाक्षाने टाळा. दुसरा नर हद्दीत शिरला असं समजून जोडी कावरीबावरी होते आणि अंडी-पिल्लं सोडून धावते.

सासूबाईंशी वाद घालू नका. मी सुद्धा घालत नाही. घुबडाला दगड मारू नये, ते तो दगड पाण्यात टाकतं आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, ही जुनी समजूत त्यांना माहीत असेल. त्या समजुतीमुळे किती घुबडं दगडांपासून वाचली असतील! पहाटे कंदील घेऊन दारी येणारा, पक्ष्याची भाषा कळते असं सांगणारा पिंगळा जोशीही त्यांनी लहानपणी पाहिला असण्याची शक्यता आहे. त्यांना ते सांगायला लावा. मुलीला वहीत उतरवून घेऊ द्या. वयस्कर माणसांची झोप कमी असते, पहाटे चारला जाग येते. म्हणून घरातल्या आवाजांची नोंद त्यांच्याकडे सोपवा: आज पिंगळा किती वाजता बोलला, दुसरा कोणता आवाज आला. माझ्या गटांत आवाज अचूक ओळखणारी माणसं बहुतेक वेळा आजी-आजोबाच निघतात. ज्याची रोज नोंद ठेवायची त्याची भीती हळूहळू ओसरते. नाही ओसरली तरी चिंच तोडण्याची भाषा थांबते, आणि मला तेवढंही पुरतं.

गावात जुना वाडा, पडकं गोदाम किंवा देवळाचं उंच शिखर असेल तर तिथे गव्हाणी घुबडही असू शकेल. बदामी आकाराचा पांढरा चेहरा, पोट पांढरं, उडताना पंखांचा आवाजच नाही. याच्या कानांची छिद्रं डोक्याच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या उंचीवर असतात. त्यामुळे पूर्ण अंधारातही उंदराच्या सळसळीवरून तो नेमका कुठे आहे ते त्याला कळतं. खाली जमिनीवर काळपट गोळ्या पडलेल्या दिसतील. न पचलेले केस आणि हाडं घुबड अशी ओकून टाकतं. हातमोजे आणि मास्क घालून, काडीने गोळी उलगडा. उंदराची कवटी, जबडा, कधी चिचुंद्रीचे पांढरे, टोकदार दात निघतात. फोटो काढा, चित्र काढा आणि तिथेच सोडून द्या. दहा वर्षांच्या मुलीला याहून चांगला जीवशास्त्राचा तास मला ठाऊक नाही.

बाबांचा मुद्दा योग्य आहे. शाळेच्या दिवसांत रात्री बाहेर पडायचंच नाही. संध्याकाळचा, सूर्यास्तानंतरचा अर्धा तास तेवढा ठरवा. पिंगळे तेव्हाच निघतात, वटवाघळं तेव्हाच निघतात, रातवा हा पक्षीही तेव्हाच बोलायला लागतो. शनिवारी मात्र तासभर. रविवारी सकाळी वही. या वेळापत्रकाने कुणाचा अभ्यास बुडालेला मी पाहिलेला नाही.

अर्ध्या तासात काय करायचं, याची एकच शिस्त: दिवे बंद करून बसायचं. अंधाराला डोळे पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा पाहिला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मोबाइल घरात. विजेरीवर लाल जिलेटिन पेपरचे दोन थर रबराने बांधा. लाल उजेडाने आपली अंधाराची नजर फारशी मोडत नाही आणि बऱ्याच निशाचर प्राण्यांनाही तो कमी खुपतो. एक खेळ मात्र पांढऱ्या उजेडाचा आहे. विजेरी कपाळाजवळ, डोळ्यांच्या रेषेत धरून परसातल्या जमिनीवर हळूहळू फिरवा. निळसर-हिरवे बारीक ठिपके चमकतील. ते लांडगा-कोळ्यांचे डोळे. त्यांच्या डोळ्यांत मागे आरशासारखा थर असतो आणि तो उजेड आला त्याच दिशेने परत पाठवतो, म्हणून विजेरी डोळ्यांपाशीच हवी. सहा वर्षांच्या धाकट्याला हे काम द्या. तो दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला शिकवेल.

भिंतीवरच्या दिव्याखालची पालही निशाचरच, हे लोक विसरतात. तिच्या बोटांच्या गादीवर लाखो सूक्ष्म केस असतात, आणि भिंत व केस यांच्यातल्या अतिसूक्ष्म आकर्षणावर ती छताला उलटी चालते. डिंक नाही, हवा ओढणंही नाही. आणि चिचुंद्री! ती उंदीर नव्हे, कीटकभक्षी प्राणी आहे. झुरळं खाते. पिल्लं बाहेर फिरायला लागली की पहिलं पिल्लू आईला मागून तोंडाने धरतं, दुसरं पहिल्याला, तिसरं दुसऱ्याला, आणि सगळी रांग भिंतीच्या कडेने जाते. ती रांग तुमच्या परसात दिसू शकते. त्यासाठी विषाच्या गोळ्या टाकणं बंद करावं लागेल. विष खाल्लेला उंदीर घुबडाच्याही पोटात जातो.

वटवाघळांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण भीती आणि गैरसमज इथे सगळ्यात जास्त आहेत. दिव्याभोवती गिरक्या घेणारी छोटी वटवाघळं कीटक खातात. ती तोंडाने आवाज सोडतात, प्रतिध्वनीवरून डास-पतंग शोधतात. त्यातले बहुतेक आवाज २० किलोहर्ट्झच्या वर असतात, म्हणून आपल्याला ऐकू येत नाहीत. वड-पिंपळावर दिवसा उलटी लटकलेली मोठी ती फळवाघळं. पंख पसरले की मीटरभराहून रुंद. ती प्रतिध्वनीवर नव्हे, डोळे आणि नाक यांवर फिरतात. टेटू या झाडाची फुलं रात्री उमलतात आणि त्यांचं परागीभवन वटवाघळंच करतात. मोहाच्या, वडा-उंबराच्या बिया लांबवर नेऊन टाकण्यातही फळवाघळांचा वाटा मोठा आहे. असं असून कायद्यात ही फळवाघळं कित्येक वर्षं कावळ्या-उंदरांबरोबर 'उपद्रवी' यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढली गेली. वादळात पोरकं झालेलं त्यांचं एखादं पिल्लू हाताशी आलं की लोक कीव करून सोडतात किंवा किळस करून मारतात. एका मादीला वर्षाला साधारण एकच पिल्लू होतं, त्यामुळे एकेका पिल्लाचं मोल मोठं.

मात्र इथे मी कडक आहे. वटवाघळाला उघड्या हाताने कधीही शिवायचं नाही, जिवंत असो वा मेलेलं. चावा किंवा ओरखडा बसला तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. अर्धवट कुरतडलेली फळं खायची नाहीत. गुहांमध्ये शिरायचं नाही. महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांमध्ये निपाह विषाणूचा पुरावा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला सापडला होता. त्यासाठी त्यांना हाकलायचं, जाळायचं काही कारण नाही. त्यांना त्यांच्या जागी राहू द्यायचं, एवढंच पुरतं. संध्याकाळी वडापासून लांब, मोकळ्या जागी उभं राहून बाहेर पडणारी वाघळं मोजा. एकाने मोजायचं, एकाने दहा-दहाच्या रेघा मारायच्या. दर महिन्याला एकदा, एकाच जागेवरून. वर्षाने तुमच्या घरात अशी नोंद असेल जी कदाचित गावात दुसऱ्या कुणाकडेही नसेल.

सापांचं बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मण्यार पूर्णपणे रात्रीचा साप आहे. त्याचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही. पोटात दुखणं, पापण्या जड होणं हे काही तासांनी सुरू होतं, तोवर माणूस गाफील राहतो. घोणसही रात्रीच जास्त हिंडते. म्हणून परसातसुद्धा घोट्यावर येणारे बूट, चालताना पांढरी विजेरी, पुढे मोठं माणूस. दगडांच्या, लाकडांच्या ढिगात हात घालायचा नाही. दंश झाला तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं काही नाही. हात-पाय हलवू न देता थेट दवाखाना, १०८ ला फोन. हे नियम मुलीने स्वतः वहीच्या पहिल्या पानावर लिहावेत.

आता मुलीला 'आपलं, घरातलं' काही हवंच आहे, तर माझा उपाय तगर. परसात तगर असेल तर पावसाळ्यात तिच्या पानांवर हिरवा, जाड, शेपटीशी छोटं शिंग असलेला सुरवंट सापडतो. डोक्यामागे दोन निळे-पांढरे डोळ्यांसारखे ठिपके. हा कण्हेरीवरच्या हॉक मॉथ नावाच्या पतंगाचा सुरवंट, तगरीवरही वाढतो. जाळीच्या झाकणाचा डबा, तळाला कोरडी माती आणि पालापाचोळा, रोज ताजी तगरीची पानं. कण्हेर नकोच, तिचा चीक विषारी आहे. तगरीचाही चीक असतो, म्हणून पानं हाताळली की हात धुवायचे. काही दिवसांनी सुरवंटाचा रंग हिरव्याचा तपकिरी होतो, खाणं थांबतं, तो अस्वस्थ फिरायला लागतो. कुणी तरी आजारी पडला असं समजून टाकून देतं. टाकू नका, तो कोष करण्याची जागा शोधतोय. दोन-तीन आठवड्यांनी कोषातून हिरव्या-गुलाबी नक्षीचा, चार इंचांच्या आसपास पंख पसरणारा पतंग निघतो. पंख सुकले की त्याच रात्री तगरीपाशी सोडून द्या. पाळण्याची हौस, जबाबदारी, निरोप सगळं त्यात आहे, आणि कुणाचं आयुष्य पिंजऱ्यात जात नाही.

त्याच दिवसांत आजोबांचं जुनं पांढरं धोतर दोरीवर ताणून बांधा आणि मागे दिवा लावा. साध्या एलईडीवर पतंग कमी येतात, कारण तिच्यात अतिनील किरण जवळपास नसतात. जुनी सीएफएल किंवा अतिनील नळी चांगली, फक्त तिच्याकडे टक लावून पाहायचं नाही. अमावास्येच्या आसपासची, दमट, वारा नसलेली रात्र निवडा. दीड-दोन तासांत दिवा बंद करायचा आणि धोतर झुडपात हळूच झटकायचं. रात्रभर ठेवलंत तर थकलेले पतंग सकाळी बुलबुल आणि कोतवाल एकेक करून खाऊन टाकतात. जुलैच्या शेवटी जगभर पतंग सप्ताह असतो, २०१२ पासून. तुमच्या नोंदी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्यात तर ओळखायला जाणकार मदत करतात. नावं कळली नाहीत तरी चित्रं काढत राहा.

सहली वर्षातून एखाद-दुसरी पुरे. मेच्या अखेरीपासून पाऊस रुळेपर्यंत पुरुषवाडी, भंडारदरा, राजमाची या बाजूला काजवे असतात. पण शनिवार-रविवार टाळाच. गर्दी, गाड्यांचे दिवे आणि मोबाइलच्या विजेऱ्या यांत काजव्यांचे इशारे बुडून जातात. माद्या बऱ्याचदा खालच्या गवत-झुडपांत असतात आणि पायांखाली जातात. पावसाळ्यात आंबोली तुम्हाला सोयीची. स्थानिक वाटाड्याबरोबर रात्री निघालात तर झाडांवरचे बेडूक आणि फक्त त्याच परिसरात आढळणारा आंबोली टोड दिसू शकतो. हात लावायचा नाही. पुरंदर तालुक्यात पिंगोरीला इला फाउंडेशनने २०१८ मध्ये घुबड महोत्सव भरवला होता, गावकरी आणि शाळकरी मुलं मिळून. पुन्हा असं काही असेल तर सासूबाईंनाही घेऊन जा. गावातल्या बायका घुबडाबद्दल काय बोलतात ते त्यांनी ऐकावं.

मुलीला झोपताना सांगायला एक खरी गोष्ट देतो. वनपिंगळा हे घुबड १८८४ नंतर कुणाला दिसलंच नव्हतं. ब्रिटिश अधिकारी रिचर्ड माइनर्टझागेन याने संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर १९१४ ची खोटी चिठ्ठी लावली होती, त्यामुळे शोधणारे भलत्याच ठिकाणी फिरले. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी पकडली, खऱ्या जुन्या नोंदी धरून शोध घेतला आणि १९९७ मध्ये आपल्या नंदुरबारमध्ये, शहाद्याजवळ त्यांच्या गटाला वनपिंगळा दिसला. तोही सकाळच्या उन्हात, कारण हे घुबड दिवसा वावरतं. आज मेळघाटात आणि तानसात तो असल्याचं माहीत आहे.

दिवाळीच्या आसपास मात्र कान उघडे ठेवा. लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला करणीच्या नावाखाली घुबडं पकडली, विकली जातात. घरट्याची जागा, चिंचेचा फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. कुणी चौकशी करत फिरत असेल, किंवा जखमी घुबड सापडलं, तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक. जखमी घुबड टॉवेल टाकून उचलायचं, हवा जाईल अशा पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवायचं. पाणी-दूध पाजायचं नाही.

वाढदिवस कधी आहे ते तुम्ही लिहिलं नाही. जून ते सप्टेंबरमध्ये असेल तर तगरीची दोन रोपं, जाळीचा डबा आणि जाड वही द्या. हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात असेल तर ७ बाय ५० किंवा ८ बाय ४० ची दुर्बीण (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधल्या रुंदीचा). संधिप्रकाशात जास्त मोठेपणापेक्षा जास्त उजेड घेणारी दुर्बीण कामाला येते, त्यामुळे दुकानदार १२ पट, २० पट म्हणाला तरी घेऊ नका. दुर्बिणीला पट्टा असू द्या आणि पहिल्या संध्याकाळी ती आधी आजीच्या हातात द्या, चिंचेकडे तोंड करून.